बाटली बदलली, औषध तेच राहिलं

पत्र औसा तालुक्यातून आलंय. लिहिणाऱ्या दादांनी नाव टाकू नका म्हणलंय म्हणून टाकत नाही, पत्रही जरा कापून देतो:

"आमची सात एकर काळी जमीन, नाल्याच्या कडंला. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, आठ वर्षं झाली यात बदल नाही. सोयाबीन वीस दिवसांचं झालं की इमॅझेथापायर हे तणनाशक मारायचो, पहिली तीन-चार वर्षं रान एकदम साफ. मग नाल्याकडच्या पट्ट्यात माठ राहायला लागला. गेल्या साली दुकानदारानं दोन औषधं एकत्र असलेलं पाकीट दिलं, इमॅझेथापायर अधिक इमॅझामॉक्स. यंदा पेरल्या पेरल्या डायक्लोसुलमची पावडर मारली आणि वीस दिवसांनी परत तेच पाकीट. तरी माठ गुडघ्याला लागलाय आणि केन्याचं तर विचारूच नका. सोयाबीन आता चाळीस दिवसांचं आहे. दुकानदार म्हणतो डोस डबल करा. मेहुणा म्हणतो वरून ग्लायफोसेट तणनाशक मारलं तरी पीक मरत नाही असं बियाणं आणून देतो. वडील म्हणतात कोळपं अडगळीत टाकलं तिथंच घात झाला. खुरपायला बाया मिळत नाहीत. काय मारू ते सांगा."

दादा, आधी एक करा, डबल डोसचा विचार सोडून द्या. यंदा तुमच्या रानात जे उरलंय ते औषध कमी पडलं म्हणून उरलं असेल किंवा त्या माठाला औषध लागूच होत नाही म्हणून उरलं असेल. कमी पडलं असेल तर का पडलं ते शोधायला पाहिजे, आणि लागूच होत नसेल तर दुप्पट काय चौपट मारा, माठ तसाच डोलत राहणार आणि सोयाबीन पिवळं पडून बसणार, वर हरभऱ्याच्या उगवणीला त्रास झाला तर तो वेगळाच. शिवाय चाळीस दिवसांचं सोयाबीन म्हणजे फुलात यायला लागलेलं पीक, आणि गुडघ्याएवढा माठ हा कुठल्याही औषधाच्या लेबलात बसत नाही, ही औषधं तण दोन-चार पानांवर असतानाची आहेत. म्हणून या हंगामात काय मारू याला माझं उत्तर काहीच मारू नका. काय करायचं ते सांगतोच, पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही.

तुम्ही तीन औषधं लिहिलीत. इमॅझेथापायर, मग इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्सचं मिक्स, मग डायक्लोसुलम. दुकानात हे तीन वेगळे डबे, तीन वेगळी चित्रं, तीन वेगळे भाव. पण झाडाच्या आत जाऊन हे तिन्ही एकाच जागी घाव घालतात. झाडाला ठरावीक अमिनो आम्लं बनवायला एक एन्झाइम लागतं, एएलएस म्हणतात त्याला, ते बंद पाडायचं आणि वाढ थांबवायची, एवढंच यांचं काम. क्रोसिननं ताप उतरला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची पॅरासिटामॉल आणावी तसा प्रकार झालाय तुमचा. तुम्हाला वाटतंय तीन औषधं बदलून पाहिली, माठाच्या हिशोबानं तुम्ही सहा-आठ वर्षं एकच औषध मारताय, आणि यंदा तर एकाच हंगामात दोनदा.

आणि होतं काय ते नीट समजून घ्या, कारण लोक म्हणतात "तणाला सवय झाली". सवय बिवय काही होत नाही. लाखो झाडांत एखाददुसरं झाड असं असतंच की ज्याच्या त्या एन्झाइममध्ये जन्मतःच बारीकसा बदल आहे, औषध तिथं चिकटतच नाही. आपण फवारलं की बाकीचे मरतात, हे एकटं राहतं, त्याला मोकळी जागा, सगळं खत, सगळं ऊन. माठाचं एक चांगलं वाढलेलं झाड लाखाच्या घरात बी टाकू शकतं. पुढच्या साली त्याची पोरं उगवतात, आपण परत तेच मारतो, परत तीच वाचतात. पहिल्या वर्षी एक झाड कोणाच्या नजरेत भरत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी पट्टा दिसतो, आणि पट्टा दिसायला लागला तोवर बी मातीत पडून झालेलं असतं. तुम्ही लिहिलेला क्रम अगदी हाच आहे, म्हणून मला संशय येतोय.

पण संशयच म्हणतोय हां, अजून ठामपणे म्हणत नाही. कारण आपल्याकडं दहातल्या बऱ्याच तक्रारी "औषध लागत नाही" म्हणून येतात आणि निघतं फवारणीतलंच काहीतरी. हे आधी तपासा. रानात जाऊन फक्त बघायचं. सगळ्याच जातीची तणं थोडी थोडी उरलीत का? मग फवारणी चुकली. उरलेलं तण सरळ रेघेत, तासाच्या बाजूनं पट्ट्यापट्ट्यानं आहे का? मग पंप चालवणाऱ्याचा झोत सुटला. पण आजूबाजूचं बाकी तण साफ, फक्त माठ उभा, आणि त्यातही एक माठ वाळलेला आणि त्याला खेटून दुसरा हिरवागार, दोघंही एकाच वयाचे, आणि तो पट्टा दरवर्षी जरा जरा रुंद होतोय, असं असेल तर गडबड औषधात नाही, तणात आहे.

आता पंपाचा हिशोब, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथंच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. इमॅझेथापायर दहा टक्के हेक्टरी 1 लिटर म्हणजे एकरी 400 मिली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण मारताना हिशोब एकराचा राहत नाही, "पंपाला 30 मिली" असा होतो, कारण दुकानदारानं तसं सांगितलं किंवा शेजारी तसं टाकतो. आता तुमचा गडी भरभर चालणारा असेल, 16 लिटरच्या पंपात पाच गुंठे काढत असेल, तर एकराला पंप किती झाले? आठ. आठ गुणिले 30 म्हणजे 240 मिली. चारशेच्या जागी 240! असा अर्धामुर्धा डोस वर्षानुवर्षं पडत राहिला की जे तण थोडंफार सहन करू शकतं तेही वाचतं आणि त्याचंही बी वाढत जातं. तर करायचं काय, एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, असे पाच-सहा गुंठे दोरी लावून आखून घ्या, पंपात नुसतं पाणी भरा, ज्याच्या हातानं फवारणी होणार आहे त्यालाच त्याच्या नेहमीच्या चालीनं चालू द्या, आणि पंप किती गुंठ्यात संपला ते बघा. चाळीसला त्या आकड्यानं भागलं की एकराचे पंप आले, आणि 400 ला पंपांनी भागलं की एका पंपाचं माप आलं. माणूस बदलला, नोझल बदललं की परत मोजायचं. चार्जिंगचा पंप असेल तर बॅटरी उतरायला लागल्यावर दाब कमी होतो तेही ध्यानात ठेवा.

नोझलचंही तसंच. कीटकनाशकाला वापरतो ते गोल फवाऱ्याचं नोझल तणनाशकाला चालत नाही, फ्लॅट फॅन नाहीतर फ्लड जेट लागतं. पाणी नाल्यातलं गढूळ घेत असाल तर बंद करा, ग्लायफोसेट आणि पॅराक्वॅटचा जोर तर माती हमखास मारते. आणि आपल्याकडचा हक्काचा ताप म्हणजे जुलैतला खंड. पंधरा दिवस पाऊस नाही, सोयाबीन माना टाकतंय, तणही सुकलेलं, अशात फवारलं तर तण औषध ओढूनच घेत नाही. मग पाऊस झाला की सगळं तण तरारून वर येतं आणि आपण म्हणतो डुप्लिकेट निघालं. (डुप्लिकेट पण निघतं कधी कधी, म्हणून पक्कं बिल घेत जा, नाही म्हणत नाही मी.)

केन्याचं वेगळं सांगतो. केना आणि माठ एका पोत्यात घालू नका. माठ पूर्वी मरत होता आणि आता मरत नाही, म्हणून त्याच्यावर संशय. केना मुळातच चिवट. लहान असताना, दोन-तीन पानांवर, इमॅझेथापायरनं बऱ्यापैकी दबतो, पण एकदा फांद्या फुटल्या की वरून करपतो आणि पेरापेरातून परत फुटतो. त्याला जमिनीच्या वर फुलं येतात तशी जमिनीखालीही येतात, न उमलता तिथंच बी धरतं, त्यामुळं वरचा केना कापला तरी खाली त्याचा संसार चालू. खुरपून बांधावर टाकला आणि पाऊस आला तर बांधावरच मुळं धरतो, हे तर तुम्ही स्वतः पाहिलं असेल. म्हणून केना उपटला की ढीग करून वाळवायचा नाहीतर खड्ड्यात गाडायचा, तासात टाकून पुढं जायचं नाही.

तर यंदा. तुमचा माठाचा पट्टा नाल्याकडं आहे म्हणालात, सात एकरभर नाही. हीच तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. सगळ्या रानाला बाया मिळत नसतील, त्या पट्ट्यापुरत्या मिळतील, नाही मिळाल्या तर घरची चार माणसं लागा. तुऱ्यात बी भरायच्या आत माठ मुळासकट उपटून रानाबाहेर. तुरा आलेला असला तर नुसता उपटून तासात टाकू नका, उपटलेल्या झाडातही बी पिकतं, पोत्यात भरून बाहेर काढा आणि जाळा. मला माहीत आहे की मेलेल्या भावात सोयाबीन विकायचं आणि वर खुरपणीचा खर्च म्हणजे जीवावर येतं, पण हा पट्टा आज चार मजुरांत जातोय, अजून दोन वर्षांनी सात एकराला लागतील तेवढे मजूर औशात मिळणार नाहीत.

फक्त दोन-तीन झाडं ठेवा. त्यांच्या तुऱ्यावर जुनं सुती फडकं नाहीतर कागदी पिशवी बांधा, बी त्यातच पडू द्या. ते काळं चकचकीत बारीक बी वाळवून ठेवा. असंच बी जिथं कधी तणनाशक पडलं नाही अशा जागच्या माठाचंही घ्या, गावातल्या उकिरड्यावर मिळेल. ताजं बी लगेच नीट उगवत नाही म्हणून घाई नको, मे महिन्यात चार-चार कुंड्या नाहीतर जुने डबे मातीनं भरून त्यात दोन्ही बी वेगवेगळं पेरा, नावं लिहून ठेवा. दोन-चार पानांवर आलं की सगळे डबे आखलेल्या गुंठ्यात ठेवून मोजून लावलेल्या पंपानं बरोब्बर शिफारशीचा डोस मारा. ही औषधं हळू काम करतात, दोन-तीन आठवडे थांबायचं. उकिरड्याचा माठ मेला आणि नाल्याकडचा नवीन पानं काढत बसला, तर मग बोलायला जागा राहत नाही. फोटो काढून बियासकट कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जा, तिथं नुसतं "औषध लागत नाही" म्हणण्यापेक्षा या डब्यांना जास्त किंमत मिळेल.

आता पुढच्या खरिपाचं बोलू, खरा प्रश्न तिथंच आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात जे नाव असतं ते कंपनीचं, त्याच्याखाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं, ते वाचायची सवय लावा, चष्मा लागत असेल तर पोराला वाचायला लावा. जगभर या औषधांना ती झाडात कुठं मार करतात त्यावरून गटांचे आकडे दिलेत. काही डब्यांवर तो आकडा छापलेला असतो, बऱ्याचवर नसतो, म्हणून इथंच सांगून ठेवतो. गट 2 म्हणजे तुमचा एएलएसवाला: इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, डायक्लोसुलम, क्लोरीम्युरॉन. आणि फक्त सोयाबीनचे नाहीत बरं का. तुम्ही म्हणाल फेरपालट करतो, कापूस लावतो, तर कापसात उगवणीनंतर रुंद पानाच्या तणासाठी देतात ते पायरीथायोबॅक सोडियमही गट 2. गव्हातलं मेटसल्फ्युरॉन गट 2, सल्फोसल्फ्युरॉन गट 2. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मारतात, तेही गट 2. म्हणजे पीक फिरवलं, दुकान फिरवलं आणि माठासाठी काहीच फिरलं नाही, असं सहज होऊ शकतं.

गट 1 मध्ये क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फ्लुआझिफॉप, क्लोडिनाफॉप, ही फक्त गवतवर्गीय तणाला, माठ-केन्याला यांचा शून्य उपयोग. गट 14 मध्ये फोमेसाफेन, अॅसिफ्लोरफेन, सल्फेन्ट्राझोन. गट 3 पेंडीमिथॅलिन. गट 15 मेटोलाक्लोर. गट 5 मेट्रिब्युझिन, अॅट्राझिन.

आणि मिक्सच्या पाकिटांचं गौडबंगाल इथंच कळतं. "दोन औषधं आहेत, डबल पॉवर" म्हणून जे विकतात त्यात बघायचं की माझ्या तणावर यातली किती औषधं काम करतात. इमॅझेथापायर अधिक इमॅझामॉक्स, दोन्ही गट 2, म्हणजे एकच. प्रोपाक्विझाफॉप अधिक इमॅझेथापायर, गवताला दोन पण माठाला परत एकटं इमॅझेथापायर. फ्लुआझिफॉप अधिक फोमेसाफेन, यात माठाला फोमेसाफेन लागतं, म्हणजे एकच पण निदान वेगळ्या गटाचं. औषध वाईट आहे असं यातल्या कशालाच म्हणत नाहीये मी, कोणत्या रानात कोणतं वाया जाणार एवढंच सांगतोय.

तुमच्या रानाला मी असं सुचवेन. पेरणीनंतर 48 तासांच्या आत, जमिनीत ओल असताना, पेंडीमिथॅलिन तीस टक्के, हेक्टरी अडीच ते सव्वातीन लिटर म्हणजे एकरी साधारण 1 ते 1.3 लिटर. माठासारख्या बारीक बियाच्या तणाला हे चांगलं रोखतं. केन्यावर मात्र कमी पडतं, केना जास्त असलेल्या तुकड्यात मेटोलाक्लोर तुलनेनं बरं, पण दोन्हीचं मिश्रण स्वतःच्या मनानं करायला जाऊ नका. ढेकळं फोडून रान सारखं केलेलं पाहिजे, फवारणारा माणूस मागं मागं सरकत गेला पाहिजे म्हणजे फवारलेल्यावर पाय पडत नाही, पाणी एकरी 200 लिटरच्या आसपास. मग अठरा-वीस दिवसांनी रान बघायचं, आणि बघूनच ठरवायचं. माठ बारीक बारीक उगवलाच असेल तर फोमेसाफेनवालं मिक्स एकरी 400 मिली, माठ दोन-चार पानांवर असतानाच. हे औषध पडेल तिथंच जाळतं, आत फिरत नाही, म्हणून पानं नीट भिजली पाहिजेत. सोयाबीनच्या पानावर तांबूस ठिपके येतील, घाबरून लगेच युरिया टाकू नका, नवीन पान चांगलं येतं. तुरीचे तास मध्ये असतील तर लेबलवर तुरीचं नाव आहे का बघा, नसेल तर हे मारू नका. आणि हेच औषध पुढची सहा वर्षं मारत बसलात तर याच्याबरोबरही तेच होणार, अमेरिकेत माठाच्या जातभाईंनी गट 14 पण पचवून दाखवलाय.

गट 2 दोन-तीन वर्षं पूर्ण बंद ठेवलं तरी मातीतलं बी तसंच असतं, वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून औषध नुसतं आलटून पालटून भागत नाही. हरियाणा-पंजाबचं बघा. तिकडं भात-गहू, भात-गहू, तेच पीक तीच जमीन, आणि गव्हात गुल्लीडंडा नावाचं गवत. त्याला आयसोप्रोट्युरॉन एवढं छान लागू व्हायचं की सगळे तेच मारायचे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागेना. काही शेतकऱ्यांनी उभा गहू हिरवा असतानाच जनावरांना कापून घातला इतकं गवत झालं. मग नवीन औषधं आली, क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी त्यांनाही गुल्लीडंडा दाद देईना. तिथं ज्यांना फरक पडला त्यांनी नुसती बाटली बदलली नव्हती, कोणी पेरणी आधी उरकली, कोणी न नांगरता पेरलं, कोणी गव्हाच्या जागी बरसीम घेतलं, कोणी ऊस. सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा हे आपलं भात-गहूच आहे की.

म्हणून सातपैकी तो नाल्याकडचा तुकडा तरी पुढच्या खरिपाला सोयाबीनमधून काढा. खरीप ज्वारी किंवा मका घेतलीत तर अॅट्राझिन हा वेगळाच गट वापरता येतो, चाराही होतो. फक्त इमॅझेथापायरचा अंश जमिनीत रेंगाळतो आणि ज्वारी त्याला हळवी आहे, डायक्लोसुलमही यंदा पडलंय, तेव्हा आधी दोन्ही लेबलांवर पुढच्या पिकासाठी किती महिने थांबायचं लिहिलंय ते वाचा. यंदाच्या रब्बीत तिथं ज्वारी किंवा करडई टाकायचा मोह होईल, तो तर अजिबात नको, हरभराच ठेवा. ज्वारीला मुदत बसत नसेल तर सलग तूर घ्या, तास रुंद राहतात, कोळपं दोन महिने आरामात फिरतं.

आता वडिलांकडं येऊ. दादा, वडिलांचं बरोबर आहे, आणि मी हे त्यांचं मन राखायला म्हणत नाही. कोळप्याला गट नसतो, त्याच्या पासेखाली आलेला माठ कुठलंही एन्झाइम घेऊन आला तरी तुटतो. बैल परत घ्या असं म्हणत नाही, बैलजोडी दावणीला बांधून वर्षभर सांभाळणं आज किती जणांना जमतंय. पण सायकल कोळपं आहे, छोटा पॉवर वीडर गावात भाड्यानं मिळतो, बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, पेरलंत तर ट्रॅक्टरलाही फिरायला जागा राहते. सोयाबीनला पहिले तीस ते पंचेचाळीस दिवसच तणमुक्त हवेत, पुढं पीकच जमीन झाकतं. पंधरा-वीस दिवसांनी एक, महिन्याच्या आसपास दुसरी, दोन कोळपण्या, आणि फुलं लागायच्या आत बंद, नाहीतर मुळं तुटतात. कोळप्याच्या अडचणी दोनच, तासातलं तण राहतं आणि सततच्या पावसात रानात शिरताच येत नाही. म्हणून मी वर पेंडीमिथॅलिन सांगितलं. ते आणि कोळपं मिळून एकमेकांची बाजू सांभाळतात, उगवणीनंतरच्या फवारणीची गरजच कित्येकदा पडत नाही.

पेरणीच्या आधीचं एक काम तर फुकटातलं आहे. परभणीचं विद्यापीठ दरवर्षी सांगतं की 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, दुबार पेरणी टळावी म्हणून. तणासाठीही ते सोन्यासारखं आहे. पहिल्या पावसावर माठाचा पहिला लोट उगवतो, तो उगवू द्या, मग वापसा आला की वखराची एक उथळ पाळी घाला आणि लगेच पेरा. उथळच, खोल गेलात तर खालचं बी वर येतं. शेजाऱ्यानं मृगाच्या पहिल्या सरीवर तिफण घातली की आपलाही हात शिवशिवतो, माहितीय मला. चार दिवस धीर धरा.

मेहुण्यांना सांगा राहू द्या. ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन किंवा कापूस यातल्या कशालाच आपल्या देशात लागवडीची परवानगी नाही, ते बियाणं बिनबिलाचं असतं, उगवलं नाही तर तक्रार कुठं करणार? ग्लायफोसेटवरही 2022 च्या ऑक्टोबरात केंद्रानं आदेश काढला, परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचं म्हणून. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी केना ग्लायफोसेटला फारसा जुमानत नाही. आणि माठाचं म्हणाल तर अमेरिकेत 1996 ला असलं सोयाबीन आलं आणि 2005 मध्ये जॉर्जियात कापसाच्या रानातल्या माठाच्या एका जातीला ग्लायफोसेट लागत नाही हे पक्कं झालं. त्यानंतर तिथल्या शेतकऱ्यांनी कापसात मजूर लावून हातानं माठ काढलाय, एवढाल्या मशिनी असलेल्या देशात.

शेवटचं, मळणीचं, कारण हे काम दोन-अडीच महिन्यांत येतंय आणि तेव्हा मला परत विचारायला वेळ नसेल. उपटूनही काही माठ राहीलच. त्या पट्ट्याची काढणी आणि मळणी सगळ्यात शेवटी करा, आधी साफ रान उरका. मळणी यंत्र किंवा हार्वेस्टर तुमच्या रानात येण्याआधी कोणाच्या रानात होता विचारा, आत शिरायच्या आधी रिकामं चालवून, चाळण्या झटकून घ्या, मालक कटकट करेल तर करू द्या. त्या पट्ट्याचं भुसकट वेगळं ठेवा, जनावरांना घालू नका, माठाचं बी शेणातून जिवंत बाहेर पडतं आणि कच्च्या शेणखतातून सातही एकरांत जातं. आणि त्या पट्ट्यातलं सोयाबीन घरचं बियाणं म्हणून अजिबात ठेवू नका, ते थेट आडतीला.